जुना शेफील्ड (इंग्लंड) वस्तरा: घ्यावा का, आणि घेतला तर धारेवर कसा आणावा?

गंगापूर_रोड

नमस्कार मंडळी. नाशिकला गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात जुन्या लोखंडी सामानात एक घडीचा वस्तरा मिळाला आहे. अजून पैसे दिलेले नाहीत. विक्रेत्याने पुढच्या बुधवारपर्यंत तपासायला दिलाय, नको असेल तर परत. सलूनमध्ये असतो तसा ब्लेड बदलायचा नाही, अखंड पोलादी पात्याचा आहे.

मानेवर (पातं आणि मूठ यांच्यामधल्या जाड भागावर) ‘जोसेफ रॉजर्स अँड सन्स’, त्याखाली ‘कटलर्स टू हर मॅजेस्टी’ आणि बाजूला चांदणी व क्रॉसची खूण आहे. पात्यावर तपकिरी गंज, मध्ये दोन-तीन काळे डाग. टोकाजवळ धारेला एक खांड पडलंय. मूठ काळी आहे, कशाची ते कळत नाही. मिटताना पातं मुठीच्या एका पट्टीला घासतं.

हा दाढीच्या कामाला येईल की नुसता मांडून ठेवायचा? गंजासाठी एकाने लिंबू-मीठ सुचवलं, दुसऱ्याने अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नेऊन बफिंग (चाकावर पॉलिश) करून घ्यायला सांगितलं. यातलं काय करावं? आणि घरी हार्डवेअरच्या दुकानातला दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड आहे, तेवढ्यावर भागेल का?

टूलरूम_सातपूर

लिंबू नको आणि बफिंग तर मुळीच नको. आम्ल गंज खातं तसं चांगलं पोलादही खातं. पात्यावर करडा, मुरमाड पृष्ठभाग राहतो आणि सोनेरी नक्षी असली तर तीही जाते. बफिंगचं त्याहून वाईट. धारेजवळ पातं कागदासारखं पातळ असतं, त्यामुळे चाकाची उष्णता तिथे क्षणात साठते. साध्या कार्बन पोलादावर पिवळसर झाक आली की तापमान सव्वादोनशे अंशांच्या आसपास गेलं, निळी आली की तीनशेच्या. मग पात्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. नंतर कितीही घासा, धार टिकत नाही. सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडेही याच कारणासाठी देऊ नका. विळी-कात्रीला ते चाक ठीक आहे, वस्तऱ्याला नाही.

आता तपासणी, कारण ती पैसे देण्याआधी व्हायला हवी. वस्तऱ्याचं खरं मोल धारेलगतच्या शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरांत असतं. पाठीवर (धारेसमोरच्या जाड कडेवर), मानेवर, शेपटीवर (रिवेटच्या मागे निघालेल्या दांड्यावर) कितीही डाग असले तरी दाढीला फरक पडत नाही. तपकिरी भुरभुरीत गंज बहुधा वरवरचा असतो. काळा, टणक डाग असेल तर त्याखाली खड्डा असतो असं धरून चाला. तुमचे काळे डाग धारेपासून किती अंतरावर आहेत ते मोजा. खड्डा धारेच्या रेषेत असेल तर दगडावर घासत जाल तसा तो उघडा पडतो, तिथे कड तुटते आणि तुटतच राहते.

दुसरी गोष्ट चीर. खांडाच्या मुळाशी आणि टाचेच्या (धारेच्या मानेकडच्या टोकाच्या) कोपऱ्यात ती जास्त सापडते. सराफी १० पटीचं भिंग घ्या आणि दिवा बाजूने, तिरपा धरा. शंका असेल तर पात्याला रॉकेल चोळा, दहा मिनिटांनी पूर्ण कोरडं पुसा आणि वर खडूची पूड भुरभुरा. चिरेत शिरलेलं रॉकेल खडूवर बारीक ओली रेघ उमटवतं. कामाला आलेल्या भागाची चीर पाहायला आम्ही हीच पद्धत वापरतो. चीर निघाली तर वस्तरा परत करा. तिच्यावर इलाज नाही.

तिसरी, पातं सरळ आहे का? जाड काचेवर आडवं ठेवा, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या. टाचेवर आणि टोकावर आळीपाळीने बोट ठेवून बघा. डुगडुगलं तर पीळ आहे. किंचित असेल तर अरुंद दगडावर सांभाळता येतो, जास्त असेल तर नाद सोडा.

चौथी, मापं. व्हर्नियरने (सरकत्या जबड्यांच्या मोजपट्टीने) टाच, मध्य आणि टोक अशा तीन ठिकाणी रुंदी घ्या, पाठीची जाडी घ्या, आणि पाठीवर दगडाने घासून झालेला सपाट पट्टा दोन्ही बाजूंना किती रुंद आहे तेही पहा. वस्तऱ्याला धार लावताना पाठ दगडावरच टेकलेली असते, म्हणून धारेचा कोन तुमच्या हातात नसतो. तो पात्याच्या रुंदी-जाडीत ठरलेला असतो. रुंदीला जाडीने भागा. उत्तर साडेतीनच्या जवळ आलं तर कोन सोळा-साडेसोळा अंश, म्हणजे उत्तम. तीन आलं तर एकोणीस अंश, थोडा बोजड पण चालतो. चारच्या पुढे गेलं तर कोन चौदाच्या आसपास येतो आणि धार इतकी नाजूक होते की दाढीतच बारीक दाते पडतात.

शिक्क्याबद्दल. हा मजकूर जुन्या शेफील्ड मालावरचा असेल तर ‘हर मॅजेस्टी’ म्हणजे राणी व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१. पात्यावर ‘इंग्लंड’ लिहिलेलं नाही म्हणून तो १८९० च्या आधीचा, असं काही विक्रेते छातीठोक सांगतात. देशाचं नाव घालायची सक्ती अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आली, आणि ती तिथे जाणाऱ्या मालाला होती. हिंदुस्थानात आलेल्या मालावरून तसा निष्कर्ष निघत नाही. या नावाची नक्कलही खूप झाली. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘डी’ (Rodgers) आहे का, अक्षरं एका ओळीत आणि सारख्या खोलीची आहेत का, ते भिंगातून पहा. पैसे मात्र नावाला देऊ नका, पात्याला द्या.

धोकटी

वरच्याशी सहमत. मुठीबद्दल मी लिहितो, कारण काळी मूठ तीन-चार वस्तूंची असू शकते आणि त्यातली एक घातक आहे.

मूठ उजेडासमोर धरा. कडेला तपकिरी, धुरकट रेषा दिसल्या आणि पृष्ठभागावर लांबीच्या दिशेने तंतू दिसले तर शिंग. त्यात बारीक कुरतडल्यासारखे खळगे असतील तर किडीने खाल्लंय. शिंगाला कीड लागतेच, वस्तू खरी असल्याची ती खूणही आहे. अगदी एकसारखा काळा रंग, तंतू नाहीत, अंगठ्याने जोरात चोळून ऊब आणल्यावर कापराचा वास आला, तर सेल्युलॉइड.

सेल्युलॉइडची काळजी दोन कारणांसाठी. जुनं झालं की ते कुजतं आणि त्यातून नायट्रिक आम्लाच्या जातीची वाफ सुटते. मिटल्यावर मुठीत राहतो तेवढ्याच भागावर गंज दाट आणि मान बरी, असं दिसलं तर दोषी हवा नसून मूठ आहे. पट्टीला बारीक चौकटी तडे, चिकटपणा किंवा नाकाला झोंबणारा वास असेल तर ती मूठ काढूनच टाकायची, आणि तोवर तो वस्तरा दुसऱ्या हत्यारांसोबत एका डब्यात ठेवायचा नाही. दुसरं कारण म्हणजे ते झटकन पेटतं. तापवलेली सुई लावून ओळखायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

शुभ्र, जाळीदार रेषांची मूठ दाखवून कोणी हस्तिदंत म्हणून विकत असेल तर तिथून निघा. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हस्तिदंताचा व्यापार बंद आहे.

पातं पट्टीला घासतं त्याची कारणं दोन. एकतर टाचेकडचं रिवेट सैल झालंय, नाहीतर शिंग वाकलंय. सैल असेल तर रिवेट काढायची गरज नाही. एका बाजूचं डोकं पोलादी ठोकळ्यावर टेकवा आणि दुसऱ्या बाजूला शंभरेक ग्रॅमच्या गोल तोंडाच्या हातोडीने हलके टिचके मारा. चार-पाच टिचक्यांनंतर उघडमीट करून पहा, मग बाजू बदला. एका दमात आवळलं की शिंग वायसरखालून (रिवेटखालच्या चकतीखालून) फाटतं.

गंगापूर_रोड

सविस्तर उत्तरांबद्दल मनापासून आभार. तपासून मापं घेतली.

रुंदी टाचेला १६.८, मध्ये १६.२, टोकाला १६.६ मिमी. पाठ तिन्ही ठिकाणी साधारण ५.१ मिमी. पाठीवरचा घासलेला पट्टा एका बाजूला २ मिमी, दुसऱ्या बाजूला १. खांड ०.६ मिमी खोल. रॉकेल-खडूने चीर दिसली नाही. काचेवर पातं डुगडुगत नाही. काळे डाग तीन, धारेला सर्वांत जवळचा ५ मिमीवर. मूठ शिंगाची दिसते, तंतू आहेत, तिची एक पट्टी बाहेरच्या बाजूला वाकली आहे.

टूलरूम_सातपूर

घ्या. चीर नाही, पीळ नाही, डाग धारेपासून लांब. यापेक्षा जास्त मागू नये.

दोन दोष आहेत आणि सुदैवाने दोघांचा इलाज एकच. मध्ये रुंदी कमी म्हणजे धार आत खचली आहे. अरुंद दगडावर मधलाच भाग जास्त घासला की असं होतं. अशी धार गालाच्या सपाट भागावर मध्ये टेकतच नाही. टोकाला १६.६ मधून खांडाचे ०.६ वजा केले की १६.० उरतात. म्हणजे सगळी धार १६.० च्या रेषेत आणली की खांडही जातं आणि खचही जातो. मग १६.० भागिले ५.१ म्हणजे ३.१४, कोन सव्वाअठरा अंशांच्या आसपास. शेफील्डच्या जाड पात्याला हा कोन शोभतो.

रेषेत आणायचं ते असं. ४०० ते ६०० ग्रिटची (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) सपाट डायमंड प्लेट किंवा दगड ओला करा. पातं उभं, काटकोनात धरा आणि धार दगडावर टेकवून लांबीच्या दिशेने हलक्या हाताने ओढा. दर पाच-सहा ओढींनंतर गुण्याची पोलादी पट्टी धारेला लावून उजेडासमोर धरा. फट दिसेनाशी झाली की थांबा. धार पूर्ण मेलेली असेल, वरून पाहिलं तर चकाकणारी सपाट कड दिसेल. ती अपेक्षितच आहे, घाबरू नका. टाचेचा टोकदार कोपरा याच वेळी किंचित गोल करा, नाहीतर तो कानाजवळ कापतो.

तुमचा कार्बोरंडमचा दगड या कामालाही वापरू नका. तो फार खरखरीत असतो, बहुधा मध्ये खोलगटही झालेला असतो, आणि त्याचे ओरखडे पुढच्या दगडांवर काढता काढता अर्धा मिलिमीटर पोलाद वाया जातं.

धोकटी

धारेला हात लावण्याआधी गंज काढा. उलट क्रमाने केलं तर तयार धारेवर पॉलिश पेपर फिरतो आणि बोटंही कापतात.

पातं मशीन ऑइल किंवा रॉकेलमध्ये रात्रभर मुरू द्या, फक्त पोलाद, मूठ वर राहील असं. सकाळी मऊ झालेला गंज लाकडी काडीने खरवडा. मग ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा तेलात बुडवून चोळा. फॉइल पोलादापेक्षा मऊ असल्याने खोल ओरखडे पडत नाहीत. एवढ्याने बराच तपकिरी रंग जाईल. इथे थांबून पात्याकडे नीट पहा. पुष्कळदा इथेच थांबणं शहाणपणाचं असतं, कारण करडी, शांत झाक ही जुन्या पोलादाची शोभा आहे आणि शिक्का घासला गेला की परत येत नाही.

पुढे जायचं असेल तर वॉटर पेपर ६०० पासून सुरू करा, मग ८००, १०००, १५००, २०००. खड्डे खोल असले तरच ४००. पातं सपाट लाकडी फळीवर चिकटपट्टीने बसवा. कागद बुचाच्या तुकड्यावर गुंडाळा, थोडं तेल लावा आणि लांबीच्या दिशेने घासा. पाठीकडून धारेकडे घासायचं असेल तर हात धारेच्या पलीकडे जाता कामा नये. प्रत्येक टप्प्यात आधीच्या कागदाच्या रेषा पूर्ण जाईपर्यंत पुढचा कागद घेऊ नका. घाई इथेच नडते: १०००ला राहिलेली ६००ची रेघ २०००ला ठसठशीत दिसते. खड्ड्यांच्या तळाशी काळं राहू द्या. त्यासाठी सगळं पातं झिजवू नका. मानेवरच्या शिक्क्याला फक्त तेल आणि कापड. शेवटी ब्रासो चालतं, सोनेरी अक्षरं नसतील तरच.

वाकलेल्या पट्टीसाठी रिवेट काढावं लागेल. डोकं कानशीने वायसरच्या पातळीपर्यंत उतरवा आणि १.५ मिमीच्या पंचने पिन बाहेर काढा. वायसर जपून ठेवा, तसे परत मिळत नाहीत. शिंग ८० अंशांच्या आसपासच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा, उकळत्यात नको. मग दोन सपाट फळ्यांमध्ये क्लॅम्प करून रात्रभर राहू द्या. नवीन पिनसाठी १.६ मिमी पितळी तार लागते. हार्डवेअरमध्ये मिळाली नाही तर भांडी बाजार किंवा सराफ बाजारातल्या कारागिराला विचारा, त्यांच्याकडे तार ओढायची पट्टी असते. तार कडक वाटली तर मंद लाल होईपर्यंत तापवून थंड करा, मऊ पडते. वायसरबाहेर दोन्हीकडे एक-एक मिलिमीटरपेक्षा जास्त ठेवू नका, नाहीतर ठोकताना ती आतल्या आत वाकते. पातं फिरतं त्या रिवेटच्या विरुद्ध टोकाला दोन पट्ट्यांमध्ये पाचर असते. ती उतरत्या जाडीची आहे, उलटी बसवली तर पातं पुन्हा एका बाजूला जाईल.

निसणा_आणि_पट्टा

दगडांबद्दल. किमान तीन लागतील: १०००, ३००० किंवा ४०००, आणि ८०००. त्यावर १२००० असेल तर दाढी मऊ होते. सगळे दगड दगडच हवेत असं नाही. १० मिमी काचेवर चिकटवलेली लॅपिंग फिल्म (बारीक घासणीचा पातळ पापुद्रा) १२, ३ आणि १ मायक्रॉनची घेतली तरी उत्तम काम होतं, आणि सपाटपणाची चिंता मिटते. दगड घेतलात तर प्रत्येक बैठकीआधी त्यावर पेन्सिलीने चौकटी आखा आणि काचेवर ठेवलेल्या ४०० च्या वॉटर पेपरवर घासा. सगळ्या रेषा एकदम पुसल्या गेल्या तर तो सपाट.

पाठ जपायला पाठीवर इलेक्ट्रिक टेपचा एक थर लावा, असं मी सुचवेन.

टूलरूम_सातपूर

या पात्याला टेप नको. एक थर साधारण ०.१३ मिमीचा, दोन्ही बाजू धरून पाठ ५.३६ होते आणि कोन एक अंशाने वाढून एकोणिसाच्या वर जातो. पाठीवर आधीच दोन मिलिमीटरचा पट्टा पडलाय, तो आणखी किंचित वाढला तर नुकसान नाही, उलट कोन थोडा कमी होतो. चौदा अंशांच्या पातळ पात्याला टेप जरूर लावा.

निसणा_आणि_पट्टा

मापं पाहता बरोबर आहे. टेपशिवाय करा.

१००० वरचं काम सर्वांत लांब आणि सर्वांत महत्त्वाचं. धारेच्या दोन्ही बाजूंना मार्करची शाई लावा. पाठ आणि धार दोन्ही दगडावर ठेवून, धार पुढे, टाचेपासून टोकाकडे तिरपं सरकत ओढा. उलटताना पाठीवरच फिरवा. दहा ओढींनंतर शाई कुठे शिल्लक आहे ते पहा. पाठीवरचे पट्टे दोन्हीकडे सारखे नसल्याने एका बाजूची शाई आधी जाईल. त्या बाजूला जास्त ओढी देऊन बेव्हल (धारेलगतचा उतार) समान करायच्या मोहात पडू नका, दोन्हीकडे सारख्याच द्या. दिव्याखाली धार वरून पाहिल्यावर कुठेही चमकणारा ठिपका दिसता कामा नये. ठिपका म्हणजे तिथे दोन्ही उतार अजून भेटलेले नाहीत. हाताचे केस कातडीलगत, टाचेपासून टोकापर्यंत सगळीकडे सारखे कापले जाईपर्यंत १००० सोडू नका. धार सपाट करून मारलेली असल्याने आणि पातं जाड असल्याने एका बैठकीत होईलच असं नाही. वरचे दगड फक्त रेषा बारीक करतात. खाली राहिलेली चूक ते भरून काढत नाहीत.

दाब सुरुवातीला बोटाचा, पुढच्या दगडांवर निव्वळ वस्तऱ्याच्या वजनाचा. ४००० वर तीस-चाळीस ओढी, ८००० वर तेवढ्याच. धारेवर दाब दिला तर कड वळते, आणि भिंगातून एका बाजूला तारेसारखी लोंबताना दिसते. तसं झालं तर १००० वर दोन-तीन हलक्या ओढी देऊन पुन्हा वर या.

मग पट्टा, म्हणजे धार घोटायचा चामडी पट्टा. कापडी बाजूवर पंचवीस, चामड्यावर पन्नास. इथे पाठ पुढे आणि धार मागे, दगडाच्या उलट. पट्टा ताणलेला हवा. तो झोळीसारखा लोंबला की धार गोल होते आणि आदल्या दोन दिवसांचं काम दोन मिनिटांत जातं. हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट वेगळ्या पट्ट्यावर लावा, रोजच्या चामड्यावर नाही.

गंगापूर_रोड

कळलं. आज फिल्म आणि तार शोधायला निघतो. एकच शंका: कोणाकोणाच्या दाढीला लागलेला असेल हा. निर्जंतुक कसा करायचा?

धोकटी

गंज काढून झाल्यावर साबणाच्या कोमट पाण्याने आणि जुन्या ब्रशने घासा, मानेच्या खाचा आणि रिवेटभोवती विशेष. मग फक्त पातं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दहा मिनिटं बुडवा. रिवेट काढणारच आहात तेव्हा पातं सुटं असतानाच हे करा. ब्लीचिंगचं पाणी वापरू नका, कार्बन पोलादावर काही मिनिटांत गंज येतो. उकळूही नका, पातं परत मुठीत असेल तर शिंग सुटतं. धार लागल्यावर हा वस्तरा एकाच माणसाचा. घरातसुद्धा दुसऱ्याला देऊ नये, रक्तातून जाणारी कावीळ अशाच वाटेने जाते.

दाढीनंतर पातं धुवा, कोरडं पुसा, मग पट्ट्यावर दहा ओढी, त्याने धारेवरचं उरलेलं पाणीही जातं. नाशिकला जून ते सप्टेंबर हवा ओली असते, त्या दिवसांत बाथरूममध्ये ठेवू नका. तेलाचा अगदी पातळ हात द्या आणि सिलिका जेलची पुडी टाकलेल्या डब्यात ठेवा. चामड्याच्या म्यानात नको, चामडं ओलावा धरतं.